बंदुकीचा धंदा आणि भीतीचं पीक

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलंय, थोडं नीटनेटकं करून.)



मागच्या बैठकीत एक पोरगा उठला आणि म्हणाला, "भाषणं पुरे झाली. आम्हाला बंदुका पाहिजेत." त्याच्या गावात काय झालं ते तुम्ही त्याच्याच तोंडून ऐकलंय. चुलत्याला चावडीपुढं मारलं. मारणाऱ्याच्या घरात परवान्याची बाराबोअर भिंतीला टांगलेली. फौजदार आला, चहा प्याला, पंचनामा केला, गेला. पोरगा हे सांगत होता तेव्हा इथं कुणी हसलं नाही. कुणी त्याला खाली बस म्हणालं नाही. मीही गप्प राहिलो, कारण माझ्याजवळ उत्तर नव्हतं. खिशात कविता होती. पण कविता म्हणजे उत्तर नव्हे.

मग मी महिनाभर वाचत बसलो. मी मॅट्रिकवाला माणूस, इंग्रजी अडखळत वाचतो. गोदीत माल चढवताना-उतरवताना पेटीत काय आहे हे कामगारानं विचारायचं नसतं. वजन किती, एवढंच त्यानं बघायचं. मी ठरवलं, एकदा ही पेटी उघडून बघायचीच. बंदूक कोण बनवतो? कुणाला विकतो? कुणाच्या जिवावर गब्बर होतो? आणि सरकार, कायदा, निवडणूक यांचा त्याच्या गल्ल्याशी संबंध काय?

त्यासाठी अमेरिकेकडं बघावं लागतं. साध्या माणसाला बंदूक विकण्याचा एवढा मोठा बाजार जगात दुसरा नाही. तिथली एक कंपनी घेतो. नाव स्मिथ अँड वेसन. होरेस स्मिथ आणि डॅनिएल वेसन या दोघांनी १८५२ साली धंदा सुरू केला. पुढं मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड शहरात त्यांचं बस्तान बसलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. गुलामी राहणार की जाणार, यावरचं युद्ध. शिपायांनी पदरच्या पैशानं यांची रिव्हॉल्वरं घेतली. कारखाना फुगला. युद्ध संपलं, धंदा बसला. मग १८७१ साली रशियाच्या झारच्या फौजेची मोठी ऑर्डर आली, धंदा उठला. म्हणजे लहानपणापासून या कंपनीची नाडी राजकारणाच्या हातात.

आता या धंद्याचं मूळ दुखणं समजून घ्या. भाकरी रोज संपते. चप्पल वर्षात झिजते. बंदूक झिजत नाही. तेलपाणी करत राहिलं तर आज्याची बंदूक नातू चालवतो. मग ज्याच्या घरी एक आहे त्यानं दुसरी का घ्यावी? मालकाला खरी गिऱ्हाइकं दोनच. एक सरकार, म्हणजे लष्कर आणि पोलीस. दुसरा भ्यालेला माणूस. शिकारी आणि हौशी आहेत, पण त्यांच्यावर एवढे मोठे कारखाने चालत नाहीत. सरकारची ऑर्डर येते आणि जाते. भ्यालेला माणूस मात्र पुन्हा पुन्हा दुकानात येतो. म्हणून या कारखान्यात लोखंड वितळतं हे खरं, पण कच्चा माल आहे भीती.

ही भीतीही दोन प्रकारची. एक, चोर येईल, दरोडेखोर येईल, काळा माणूस येईल. दुसरी, उद्या सरकार बंदी आणील, म्हणून आजच घेऊन ठेवू. मालकाला जास्त कमाई या दुसऱ्या भीतीतून झाली. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. कंपनीच्या विक्रीचे आकडे सांगतात. आकड्यांकडं येतो. आधी एक गोष्ट ऐका. ही गोष्ट बहिष्काराची आहे, आणि बहिष्कार म्हणजे काय हे आपल्याला शिकवायला नको.

१९८७ साली टॉमकिन्स नावाच्या ब्रिटिश कंपनीनं स्मिथ अँड वेसन विकत घेतली. किंमत ११ कोटी २५ लाख डॉलर. त्या दिवसांत अमेरिकेच्या शहरांत रोज पोरं गोळीनं मरत होती, आणि त्यात काळ्या वस्त्यांतली पोरं सगळ्यात जास्त. १९९८ साली न्यू ऑर्लीन्स आणि शिकागो या शहरांनी बंदूक कंपन्यांवर दावे लावले. म्हणणं असं, की तुमचा माल कुठं जातो हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि मुडदे उचलायचा खर्च आमच्या म्युनिसिपालटीच्या माथी. मागोमाग आणखी शहरं कोर्टात गेली. वकिलांची फीच एवढी, की लहान कंपनी त्यातच आडवी व्हावी.

तेव्हा स्मिथ अँड वेसननं तडजोड केली. १७ मार्च २००० ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटनच्या सरकारशी करार झाला. अटी काय? प्रत्येक पिस्तुलाला कुलूप द्यायचं, म्हणजे घरातलं लेकरू खेळता खेळता मरणार नाही. मालकाच्याच हातात चालेल असं पिस्तूल शोधून काढायला कमाईतला दोन टक्के भाग घालायचा. नंबर खरवडून काढता येणार नाही अशा जागी दुसरा नंबर कोरायचा. दुकानदारानं एका गिऱ्हाइकाला एका दिवशी ढीगभर पिस्तुलं द्यायची नाहीत. बदल्यात केंद्र सरकार दाव्याची धमकी मागं घेणार, आणि काही शहरं कबूल झाली की पोलिसांसाठी खरेदी करताना या कंपनीला झुकतं माप देऊ.

बघा, यात क्रांती कुठंच नाही. कुणाच्या घरातली एक बंदूक काढून घेतली नाही. कुलूप लावा, एवढंच. पण नॅशनल रायफल असोसिएशन नावाची तिथली बलाढ्य संघटना पेटून उठली. लाखो सभासद, निवडणुका फिरवायची ताकद. ती म्हणाली, ही ब्रिटिश मालकाची कंपनी, आपल्या सरकारला शरण गेली, गद्दार आहे. आणि बंदूकवाल्यांच्या गावकीनं आपल्याच एका पाटलाला वाळीत टाकलं. गिऱ्हाइकांनी माल घेणं बंद केलं. दुकानदारांनी माल ठेवणं बंद केलं. दुसऱ्या कंपन्या गंमत बघत राहिल्या. एकही करारात आली नाही. त्याच वर्षी कंपनीला कारखाने काही आठवडे बंद ठेवावे लागले. ऑक्टोबरात शंभरावर कामगारांना घरी बसवलं. करारावर सही करणारा मुख्याधिकारी गेला. आणि मे २००१ मध्ये टॉमकिन्सनं कंपनी फुंकून टाकली. रोख दीड कोटी डॉलर, वर ३ कोटींचं कर्ज घेणाऱ्याच्या गळ्यात. अकरा कोटींची वस्तू दीड कोटीला! घेणारी कोण, तर बंदुकीची कुलुपं बनवणारी अ‍ॅरिझोनातली एक छोटी कंपनी. दरम्यान सरकार बदललं होतं, बुश आला होता. त्याच्या सरकारनं करार अमलात आणायचा हट्ट धरला नाही. करार कागदावर सुकला.

या गोष्टीतून मी काय घेतलं? कंपनीला कायद्यानं मारलं नाही. कायदा अजून झालाच नव्हता. कंपनीला मारलं संघटनेनं. संघटित माणसं वर्षाच्या आत शंभर-दीडशे वर्षांचा कारखाना गुडघ्यावर आणू शकतात. ही माणसं आपल्या बाजूची नव्हती, ही गोष्ट वेगळी. पण हत्यार बघून ठेवा. हत्यार पिस्तूल नव्हतं. बहिष्कार होतं.

बाकीच्या मालकांनी काय धडा घेतला? सरकारशी तडजोड करायची नाही, सरकारच आपल्या खिशात ठेवायचं. २६ ऑक्टोबर २००५ ला बुशनं एका कायद्यावर सही केली. बंदुकीनं कुणी गुन्हा केला तर बनवणाऱ्या कंपनीला कोर्टात खेचायचं नाही, असा तो कायदा. काही अपवाद ठेवले, पण दार बंद केलं. चालत्या गाडीची चाकं निखळली तर मोटार कंपनीवर दावा लावता येतो. औषध विषारी निघालं तर औषध कंपनीवर लावता येतो. बंदूक कंपनीभोवती मात्र संसदेनं तटबंदी उभी केली. तिची ताकद बघा. मेक्सिको देशानं २०२१ साली अमेरिकी कोर्टात दावा लावला, की आमच्या गुंडटोळ्यांच्या हाती तुमच्या बंदुका येतात आणि हे तुम्हाला कळतं. त्यात पहिलं नाव स्मिथ अँड वेसनचं. ५ जून २०२५ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला. २००५ च्या कायद्याखाली हा दावा चालत नाही. एक अख्खा देश दारात उभा राहिला, तरी दार उघडलं नाही.

आता आकडे. कंटाळू नका, यातच सगळी मेख आहे. या कंपनीचं हिशेबाचं वर्ष एप्रिलअखेर संपतं.

२००८ च्या नोव्हेंबरात ओबामा निवडून आला. काळा माणूस व्हाइट हाउसात, आणि बंदुकांवर निर्बंध हवेत असं बोलणाऱ्या पक्षाचा. त्यानं एकाचीही बंदूक काढून घेतली नव्हती. पण एप्रिल २००८ ला संपलेल्या वर्षात कंपनीची विक्री २९ कोटी ६० लाख डॉलर होती, ती दोन वर्षांत ४० कोटींच्या वर गेली.

१४ डिसेंबर २०१२. कनेक्टिकटमधल्या सँडी हूक शाळेत एका माणसानं वीस लेकरं आणि सहा मोठी माणसं मारली. रायफल दुसऱ्या कंपनीची होती. देश रडला. ओबामानं कायदा आणायचा प्रयत्न केला, एप्रिल २०१३ मध्ये सिनेटात तो पडला. आणि स्मिथ अँड वेसनची विक्री? त्या आधीच्या वर्षी ४१ कोटी होती. एप्रिल २०१४ ला संपलेल्या वर्षी ६२ कोटी. म्हणजे कायदा येईल या भीतीनं माल खपला आणि कायदा आलाच नाही. मालकाची दोन्हीकडून दिवाळी. लेकरांच्या चितेवर भाकरी भाजणारी ही व्यवस्था, मित्रांनो. गावातल्या सावकाराला दुष्काळ पाहिजे असतो, तसं यांना हत्याकांड पाहिजे असतं. तोंडानं नाही म्हणतील. वही बघा.

पुढं बघा. २०१६ साली सगळे म्हणत होते, हिलरी क्लिंटन येणार, बंदी येणार. एप्रिल २०१७ ला संपलेल्या वर्षी विक्री ९० कोटींवर. पण नोव्हेंबरात निवडून आला ट्रम्प. बंदूकवाल्यांचा लाडका. रायफल असोसिएशननं त्याच्यासाठी पैसा ओतलेला. मग कंपनीचं भलं व्हायला पाहिजे ना? दुसऱ्या दिवशी शेअर पंधरा टक्क्यांच्या आसपास कोसळला. पुढच्या वर्षी विक्री ६० कोटींवर आली. आपला माणूस गादीवर बसला आणि आपलंच दुकान बसलं! कारण भीती गेली. ज्याला बंदी येणार नाही हे कळलं तो आज कशाला घेईल?

मग २०२० आलं. महामारी. मे महिन्यात मिनिआपोलिसमध्ये पोलिसानं जॉर्ज फ्लॉईडच्या मानेवर गुडघा ठेवून जीव घेतला आणि अमेरिकाभर लोक रस्त्यावर आले. वर पुन्हा निवडणूक. गोरा काळ्याला भ्याला, काळा पोलिसाला आणि गोऱ्याला भ्याला, सगळेच उद्याला भ्याले. दुकानातून बंदूक घेताना माणसाचा मागचा इतिहास तपासतात. २०१९ साली अशा तपासण्या पावणेतीन-तीन कोटींच्या दरम्यान होत्या, २०२० साली जवळजवळ चार कोटी झाल्या. काळ्यांनीही त्या वर्षी मोठ्या संख्येनं बंदुका घेतल्या. एप्रिल २०२१ ला संपलेल्या वर्षी कंपनीची विक्री १०५ कोटी डॉलर. इतिहासातली सगळ्यात मोठी. दोनच वर्षांत, एप्रिल २०२३ पर्यंत, ती ४८ कोटींवर उतरली. भरती आणि ओहोटी. समुद्राची भरती चंद्रावर चालते, हिची भीतीवर.

तर हे असं. मालक कायद्याचा शत्रू आहे असं वरवर दिसतं. खरं म्हणजे त्याला कायद्याचं भूत पाहिजे, कायदा नको. भूत पिंपळावर बसलेलं असलं की मांत्रिकाचं पोट भरतं. भूत खरोखर खाली उतरलं तर मांत्रिकच पळेल.

आणि यात कामगाराचं काय? भरतीच्या वेळी त्याला जादा काम, ओहोटीला घरचा रस्ता. २०१८ च्या फेब्रुवारीत फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत सतरा जण मेले, ती रायफल स्मिथ अँड वेसनची होती. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात विधेयक आलं, की अशा लष्करी धाटणीच्या रायफली या राज्यात बनवायच्याच नाहीत. विधेयक फक्त मांडलं गेलं होतं. पण २०२१ च्या सप्टेंबरात कंपनीनं जाहीर केलं, आम्ही मुख्यालय टेनेसीला हलवतो. स्प्रिंगफील्डमधली साडेपाचशेच्या आसपास कामं जाणार. २०२३ साली टेनेसीतल्या मेरीव्हिलला नवा कारखाना उघडला. कामगारानं विचार करावा की मालक माझ्यासाठी सरकारशी भांडतो? मालकाला चाकं असतात, मित्रांनो. कामगाराला घरभाडं असतं.

रेमिंग्टन ही दुसरी कंपनी. १८१६ सालची. न्यूयॉर्क राज्यातलं इलियन गाव म्हणजे रेमिंग्टन. २००७ साली सर्बेरस नावाच्या गुंतवणूकवाल्यांनी ती घेतली, कर्जाचा डोंगर तिच्या डोक्यावर आला. सँडी हूकची रायफल याच गटातली. ट्रम्पच्या राज्यात विक्री आटली तशी २०१८ साली दिवाळं वाजलं, २०२० साली पुन्हा वाजलं, आणि कंपनी तुकड्या-तुकड्यांनी विकली गेली. सँडी हूकच्या मायबापांनी मात्र त्या २००५ च्या तटबंदीत एक भोक शोधलं. गुन्ह्यावरून दावा चालत नाही ना, मग जाहिरातीवरून लावू. असली रायफल तुम्ही तरण्या पोरांना मर्दानगी म्हणून विकली, हा राज्याच्या व्यापार कायद्याचा भंग आहे. २०२२ साली तडजोड झाली, ७ कोटी ३० लाख डॉलर. विमा कंपन्यांनी भरले. आणि मार्च २०२४ मध्ये इलियनचा कारखाना कायमचा बंद झाला. नवे मालक काम घेऊन जॉर्जियाला गेले. मेलेल्या लेकरांच्या आया इकडं, नोकरी गेलेले कामगार तिकडं. आणि ज्यांनी कर्ज काढून कंपनी चोखली ते कुठंच दिसत नाहीत.

आता मी त्या पोराच्या प्रश्नाजवळ येतो. कायदा सगळ्यांना सारखा असतो का? बंदुकीचा कायदा कुणाच्या हातातली बंदूक बघून जागा होतो?

आपलं नाव आपण ज्यांच्यावरून घेतलं त्यांची गोष्ट. ब्लॅक पँथर, ऑक्टोबर १९६६, ओकलंड. हे तरुण बंदुका घेऊन पोलिसांच्या गाडीमागं जायचे. पोलीस काळ्या माणसाला अडवायचा तेव्हा हे लांब उभे राहून बघायचे, कायद्याचं पुस्तक हातात. तेव्हाच्या कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघडपणे बाळगणं कायदेशीर होतं. मग काय झालं? डॉन मलफोर्ड नावाच्या आमदारानं विधेयक आणलं, की भरलेली बंदूक रस्त्यावर घेऊन फिरायचं नाही. २ मे १९६७ ला तीसेक पँथर बंदुका घेऊन सॅक्रामेंटोच्या विधिमंडळात शिरले, बॉबी सीलनं निवेदन वाचलं. जुलै संपायच्या आत कायदा झाला. सही केली गव्हर्नर रोनाल्ड रीगननं. हाच रीगन पुढं राष्ट्राध्यक्ष झाला, रायफल असोसिएशनचा उमेदवार म्हणून. गोऱ्याच्या हातात बंदूक म्हणजे स्वातंत्र्य, आणि काळ्याच्या हातात बंदूक म्हणजे ताबडतोब कायदा. मार्टिन लूथर किंगच्या घरावर १९५६ साली बॉम्ब पडला. त्यानं अलाबामात पिस्तुलाचा परवाना मागितला. नाकारला. १९६८ च्या एप्रिलमध्ये त्याला मारलं ते रेमिंग्टनच्या रायफलीनं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेत बंदूक नियंत्रणाचा मोठा कायदा आला. टपालानं दुसऱ्या राज्यातून बंदूक मागवणं बंद, बाहेरच्या देशांतल्या स्वस्त पिस्तुलांची आयात बंद. किंग आणि रॉबर्ट केनेडी मेल्याच्या दुःखातून आला, हे खरं. पण बाहेरचा स्वस्त माल बंद झाल्यावर फायदा कुणाचा? देशातल्याच कारखानदारांचा. आयातीवर बंदी होती, तसलाच माल देशात बनवायला नव्हती. म्हणून सत्तरच्या दशकात लॉस एंजेलिसच्या आसपास स्वस्त पिस्तुलांचे नवे कारखाने उगवले, आणि तीच पिस्तुलं गरीब वस्त्यांत फिरली. कायद्यात भोक राहिलं, की त्या भोकातून मालक शिरतो आणि मरतो वस्तीतला पोरगा.

आपल्याकडं काय होतं? १८७८ साली लिटनच्या सरकारनं हत्यारांचा कायदा केला. हिंदी माणसाला परवाना लागेल, युरोपियनाला सूट. आपल्या सवर्ण पुढाऱ्यांना त्याचा फार राग आला, बरोबरच आहे. पण आमच्या पूर्वजांची हत्यारं त्याच्या कितीतरी आधी मनूनं काढून घेतली होती, त्याचा राग कुणाला आला? बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये हे नेमकं मांडलंय. इथला खालचा माणूस बंड का करू शकला नाही? चातुर्वर्ण्यानं त्याला हत्यार धरू दिलं नाही, शिकू दिलं नाही. युरोपातल्या गरिबाला तीन हत्यारं मिळाली. लष्करात शिरून शरीराचं, मताधिकारातून राजकारणाचं, शिक्षणातून नीतीचं. आम्हाला एकही नाही.

तीन हत्यारं, बाबा. तू फक्त पहिलं मागतोयस.

मी भेकडपणा शिकवायला उभा नाही. स्वतःचा जीव वाचवायचा हक्क मला मान्य आहे. पण पेटी उघडून मी जे बघितलं ते तुला सांगतो. तू बंदूक घेतलीस की समोरचा दोन घेईल. विकणारा हसेल. त्याला तुझी जात दिसत नाही, फक्त तुझी भीती दिसते, आणि ती तो मोजून घेतो. आणि कायदा? त्याला फक्त तुझ्या हातातली दिसेल. सॅक्रामेंटोत दिसली तशी.

मग करायचं काय? दोन गोष्टी सांगतो आणि थांबतो.

पहिली माझ्या धंद्यातली. एप्रिल २००८. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन बंदरात एक चिनी जहाज आलं, आन य्वे जियांग. पोटात झिंबाब्वेच्या सरकारसाठी हत्यारं, काडतुसांच्याच लाखोंनी गोळ्या. तिथं नुकतीच निवडणूक झालेली, मुगाबे निकाल दाबून बसलेला. ही काडतुसं कुणाच्या छातीत जाणार हे डर्बनच्या गोदी कामगारांना कळलं. त्यांच्या युनियननं सांगितलं, आम्ही हा माल उतरवणार नाही. दक्षिण आफ्रिकेचं सरकार परवानगी देऊन बसलं होतं. तरी कामगार हलले नाहीत. कोर्टाचा आदेशही मिळवला गेला. जहाज माल न उतरवता डर्बन सोडून गेलं. सरकारनं जे केलं नाही ते खांद्यावर ओझं वाहणाऱ्यांनी केलं, हाताची घडी घालून. गोदीत पेटी उचलताना मला आता हे आठवतं.

दुसरी त्या पोराची. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याचे नियम १९९५ चे. त्यातला नियम तीन वाचा, वहीत उतरवून घ्या. जिथं अत्याचार होतात किंवा व्हायची भीती आहे असा भाग राज्य सरकारनं ठरवायचा. त्या भागातल्या, अनुसूचित जाती-जमातीच्या नसलेल्या माणसांचे, त्यांच्या नातेवाइकांचे, त्यांच्या नोकरांचेसुद्धा हत्यारांचे परवाने गरज वाटली तर रद्द करायचे. हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करायची. बेकायदा असतील ती जप्त करायची. आणि जीव वाचवायला गरज वाटली तर अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला परवाना द्यायचा. हे मी बोलत नाही, कुठलं जहाल पत्रक बोलत नाही. भारत सरकारचा नियम बोलतोय.

ज्याच्या भिंतीला बाराबोअर टांगलेली आहे त्याची ती उतरवायचा नियम पंचवीस-तीस वर्षं कागदावर आहे. तुमच्यापैकी कुणाच्या गावात एकतरी उतरलेली बघितली? हात वर करा.

एकही हात नाही.

अमेरिकेत कुलपाचा करार मेला, कारण विरोधातले लोक संघटित होते आणि बाजूचे नव्हते. आपला नियम मरून पडलाय तेही त्याच कारणानं. नियमाला हात-पाय नसतात, ते आपण लावायचे असतात. म्हणून उद्यापासून काम. माहिती अधिकारात प्रत्येकानं आपापल्या जिल्ह्याच्या कलेक्टर कचेरीत अर्ज टाकायचा. या तालुक्यात हत्यारांचे परवाने किती? १९९५ पासून नियम तीनखाली किती रद्द केले? किती हत्यारं जमा झाली? आमच्या माणसांनी किती परवाने मागितले, किती दिले? दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. काडतुसापेक्षा स्वस्त आहे. उत्तर आलं की ते हातात घेऊन मोर्चा. उत्तर नाही आलं तर उत्तर नाही म्हणून मोर्चा.

पोरा, तू तिकडं मागं बसलायस, मला दिसतोयस. तुझ्या चुलत्याच्या गावचा पहिला अर्ज मी माझ्या हातानं लिहून आणलाय. अक्षर वाईट आहे, मजकूर बरोबर आहे. खाली जागा सोडलीय. सही तुझी पाहिजे.

जयभीम.